गाडी म्हणते, मी पडलेय

मला मोटरसायकल चालवता येत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला शहाणपणा सुचायला नको. स्वयंपाक न येणाऱ्या बायका अख्खं स्वयंपाकघर बाळगतात, त्यांना कुणी विचारत नाही. आमच्याच पहिल्या मजल्यावर एक आहे, नाव घेत नाही. मग मी एक मोटरसायकल बाळगली तर बिघडलं कुठे?

बिघडली ती गाडीच. पण ते पुढे.

गाडी माझ्या नावेदची. नावेद मस्कतला असतो, एसी बसवायच्या कंपनीत. जायच्या आधी हौसेने घेतली. काळी, छाती पुढे काढलेली, बघणाऱ्याला वाटावं आता ही शिंग मारेल. तिच्यात कार्बोरेटर नाही, फ्युएल इंजेक्शन आहे, हे त्याने पेढे वाटताना प्रत्येकाला सांगितलं. मी म्हटलं, "अरे, नवीकोरी गाडी आणि आतापासून इंजेक्शन? आजारी होती काय?" तर हसला. "अम्मी, पेट्रोल किती घ्यायचं ते हिचं हिलाच कळतं. आत कॉम्प्युटर आहे." म्हटलं चला, घरात एकाला तरी किती घ्यायचं ते कळतं.

निघताना किल्ली माझ्या हातात ठेवली. "दर जुम्म्याला सुरू करायची. थोडा वेळ चालू ठेवायची. बस, बाकी काही नाही." किल्ली फिरवली की गाडीच्या पोटात 'घूंऽऽ' असा आवाज यायचा, मग बटण दाबायचं. पेट्रोलचा पंप बोलतो म्हणे तो. मी रीतसर शिकले. उर्दू शाळेत चौथीच्या पुढे मला कुणी जाऊ दिलं नाही, पण बटण दाबायला चौथी पुरते.

तेव्हापासून दर जुम्म्याला नमाजनंतर त्याचा फोन येतो आणि पहिला सवाल ठरलेला असतो. "अम्मी, गाडी सुरू केलीस?" माझी तब्येत नंतर. समोरच्या रमाने एकदा हे ऐकलं आणि तोंड वाकडं केलं. "काय बाई मुलं! आई आधी का गाडी आधी?" मी म्हटलं, "रमा, ज्यांच्या घरी फोन वाजतो त्यांनीच बोलावं." तिचा पुण्यातला मुलगा महिना महिना फोन करत नाही. मग दोन दिवस ती बोलली नाही माझ्याशी. पण खरं ते खरं.

आणि रमाला काय कळणार? आम्हा मायलेकांना बोलायला दुसरं आहेच काय? तो काय खातो ते तो सांगत नाही, मला वाईट वाटेल म्हणून. मी काय खाते ते मी सांगत नाही, कारण एकटीसाठी काय शिजवायचं, हे मी स्वतःलाही सांगत नाही. पण गाडी! आवाज कसा येतोय, धूर किती, टायरात हवा आहे का, चादर घातलीस का. चादर घालते. त्याच्या लग्नासाठी घेतलेली डबलबेडची आहे, फुलाफुलांची. लग्न अजून व्हायचंय, फुलं विटली. तर गाडीचं बोलणं चाललं की फोन चालायचा आणि गाडी संपली की तो म्हणायचा, "चल अम्मी, ठेवतो." म्हणून मी गाडी सावकाश संपवायचे, लोणच्याच्या फोडीसारखी.

मागच्या खेपेला आला तेव्हा त्याने मला निळा डोळा आणला. काचेचा, मागे चांगलं जाडजूड लोहचुंबक. तिकडे विकतात, नजर लागू नये म्हणून फ्रिजवर लावायला. आता माझ्या फ्रिजला कोण नजर लावणार? आत अर्धं लिंबू आणि कालची डाळ. तो परत गेल्यावर मी डोळा गाडीला लावला. उघड्यावर लावला तर पोरं पळवतील, म्हणून सीट उचलून आत, लोखंडाला, एका काळ्या डबीच्या बाजूला. कसा चपकन बसला! पोर हजार कोस लांब, त्याच्या वस्तूची तरी नजर काढावी.

मग पाऊस लागला, मग रमजान, मग माझा गुडघा धरला. लिफ्ट बंद. जिने उतरणं जमेना. फोनवर मी सांगायचे, "सुरू केली की. पहिल्या झटक्यात." एवढंसं खोटं. आजारी माणसालाही आपण म्हणतोच की, आज चेहरा छान दिसतोय. गुडघा सुटल्यावर खाली गेले, किल्ली फिरवली, तर घूं नाही. बटण दाबलं, तर नुसतं 'टक्'. पुढच्या जुम्म्याला टक्‌सुद्धा नाही. पण पहिल्या झटक्यात सुरू होणारी गाडी एकदम मेली असं कसं सांगणार? मी म्हटलं, "पहिल्या झटक्यात." आणि मग तेच म्हणत राहिले.

अशा खोट्याला पाय नसतात म्हणतात. माझ्या खोट्याला गिऱ्हाईक आलं.

एका जुम्म्याला नावेद म्हणाला, "अम्मी, गाडी विकतोय. कामोठ्याचा सत्यजीत म्हणून आहे, इंटरनेटवर जाहिरात बघून त्याने फोन केला. पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी बघायला येईल. मी त्याला सांगितलंय, माझी आई दर आठवड्याला स्वतः सुरू करते, पहिल्या झटक्यात. म्हणून तर तयार झाला. तुला पण कटकट नको."

कटकट! मी फोन कानाला धरून उभी. गाडी गेली तर पुढच्या जुम्म्याला हा विचारणार काय? "अम्मी, फ्रिज सुरू केलास?" आणि गाडी सुरू झालीच नाही, तर कुलसुम इतके महिने पोटच्या पोराला फसवत होती, हे कामोठ्यापर्यंत जाणार. दोन्ही मला नको होतं. पण मी बाई इज्जतीची. म्हटलं, आधी गाडी सुरू करू, मग रडायचं ते बघू.

पहिले धावले ते रमाचे मिस्टर, विनायकराव. बँकेतून रिटायर झाल्यापासून सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. त्यांनीच महिन्यापूर्वी फळ्यावर लिहिलं होतं, 'बेवारस वाहने त्वरित हटवावीत.' मी तेव्हाच त्यांना गाठलं होतं. "बेवारस कशी हो? वारस मस्कतला आहे." तेव्हापासून ते जरा दबूनच होते.

"भाभी, काही नाही," ते म्हणाले, "गाडीला पेट्रोल पोचत नाहीये. बरेच दिवस उभ्या गाडीला जरा आडवी करायची. माझी स्कूटर आयुष्यभर अशीच सुरू केली."

हे खरं होतं. आमच्या मरहूमांची, म्हणजे नावेदचे अब्बा कमरुद्दीन साहेब, त्यांची स्कूटरही तशीच. सकाळी तिला बाजूला वाकवायची, जरा हलवायची, उभी करून लाथ मारायची. पनवेलातल्या अर्ध्या पुरुषांच्या कमरा त्यातच गेल्या. "पण हिला इंजेक्शन आहे," मी म्हटलं.

"इंजेक्शन असो, गोळी असो. पेट्रोल शेवटी पेट्रोलच. धरा तुम्ही हँडल."

मी धरलं. त्यांनी वाकवली. स्कूटर ही म्हाताऱ्या बकरीसारखी असते, वाकते आणि थांबते. ही वाकली ती वाकतच गेली. विनायकराव बाजूला उडी मारून नामानिराळे. मी इमानदार, मी हँडल सोडलं नाही. धाड्‌कन आवाज झाला, वरच्या गॅलऱ्या भरल्या.

"कुलसुमभाभी पडल्या!" रमा ओरडली.

"पडले नाही," मी खालूनच सांगितलं. "बसले."

घोटा सुजून कलिंगड झाला. पण बसले म्हणजे बसले. क्रेप बँडेज बांधताना रमा म्हणाली, "नावेदला कळवायला हवं." मी म्हटलं, "काय कळवायचं? आई बसली म्हणून?"

त्या जुम्म्याला फोन आला. "गाडी?" "पहिल्या झटक्यात." "तू?" "मी काय, ठणठणीत उभी आहे." पाय उशीवर होता.

मग रोडपालीहून शिवा मेकॅनिक आणला. चाळिशीचा माणूस, तोंडात मावा, बोलणं भरभर. गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "काकी, कवापासून नाय चालवली हो?"

"दर जुम्म्याला सुरू करते," मी म्हटलं. सवय हो, दुसरं काय.

शिवाने टाकीचं झाकण उघडून वास घेतला आणि माझ्याकडे असं बघितलं, की मी ओढणी सारखी केली. "काकी, ह्ये पेट्रोल नाय. ह्याचा वारनीस झालाय. कपाट रंगवा ह्यानी."

रोज संध्याकाळी तो यायचा आणि गाडीचा एकेक आजार सांगायचा. बॅटरी मेलेली. नवी घातली. पेट्रोल नासलेलं. नवं घातलं. सीट उघडली तर उंदराने वायर खाल्लेली. जोडली. इंजेक्टरच्या बारीक भोकात मैल बसलेला. तो काढून नेऊन, धुऊन आणला आणि मला दाखवला. करंगळीएवढी पिचकारी. एवढ्याशा नळीसाठी माझी इज्जत टांगलेली! सगळं झालं, बटण दाबलं, 'खर्र खर्र खर्र'. गाडी खोकते, पण बोलत नाही.

दरवेळी सीट उघडली की शिवाला तो निळा डोळा दिसायचा. पहिल्या दिवशी त्याने विचारलं, "ह्या काय, काकी?" मी सांगितलं, नजरेचा आहे, मुलाच्या गाडीला. त्याने ताबडतोब हात मागे घेतला, पँटला पुसला आणि डोळ्याला नमस्कार केला. "मंग त्याला आमी हात नाय लावायचा. दुसऱ्याच्या नजरेची वस्तू काढली तर ती नजर काढणाऱ्याला लागते. आमच्या गॅरेजला पन लिंबूमिरची हाय, ती फक्त आमची आय बदलते." विनायकरावांनीही मान डोलावली. रमा म्हणाली, "श्रद्धेचा भाग आहे." मला बरं वाटलं. आजकाल कोण कुणाच्या गोष्टीला एवढा मान देतो?

चौथ्यापाचव्या संध्याकाळी शिवा मीटरसमोर उकिडवा बसून एका पिवळ्या दिव्याकडे टक लावून होता. दिवा लांब लांब पेटायचा, मग बारीक बारीक. "ही इंजेक्शनची गाडी स्वतः बोलते, काकी. कुठं दुखतंय त्ये दिव्यानी सांगते." तो बोटांवर काहीतरी मोजत राहिला, मग उठला आणि डोकं खाजवायला लागला.

"काय म्हणते?"

"म्हनते, मी पडलेली हाय."

"कोण पडलंय?"

"गाडी. हिच्यात एक डबी असते. गाडी आडवी पडली की डबी सांगते आनि इंजेक्शन बंद होतं, आग लागू नये म्हनून. आता गाडी तर उभी हाय. पन ही आयकतच नाय. म्हनते मी पडलेली." मग त्याने सावकाश विचारलं, "कोनी पाडली व्हती काय हिला?"

सगळ्यांनी विनायकरावांकडे बघितलं. विनायकरावांनी पाण्याच्या टाकीकडे बघितलं.

"म्हंजे धक्क्यानी डबी गेली," शिवाने निकाल दिला. "नवी लागेल. कंपनीतच भेटल."

त्या रात्री रमाने नवऱ्याला उपाशी ठेवलं असावं, कारण सकाळी ते माझ्याकडे येऊन चहाबरोबर चार खारी खाऊन गेले.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये काचेमागे अनुष्का नावाची मुलगी बसली होती. गोड हसायची आणि एकही काम करायची नाही.

"आँटी, ओनर कोण?"

"माझा मुलगा."

"ते स्वतः येऊ शकतील का?"

"तो येऊ शकला असता तर मी तुझ्यासमोर बसले असते का बाई?"

"मग त्यांचं तुमच्याशी रिलेशन काय?"

"आत्ताच म्हटलं ना, मुलगा. म्हणजे मी त्याची कोण, ते तू काढ."

"त्याचं काही प्रूफ?"

"प्रूफ मस्कतला आहे!"

शेवटी आतून सुपरवायझर आला. म्हणाला, डबी अशी सुटी मिळत नाही, आधी गाडी आणा, सिस्टीमला लावून बघावी लागेल. मी म्हटलं, सुरू होत नाही म्हणून तर आले. तो म्हणाला, मग टेम्पोत घालून आणा.

बुधवारी कळंबोलीहून टेम्पो आला. दोरी मला भरवशाची वाटेना, म्हणून मी मागे गाडीजवळच खुर्ची टाकून बसले, हँडल धरून, चादर तिच्या अंगावर. टेम्पोवाल्याने हायवे सोडून टेम्पो बाजारातून घातला. मच्छी मार्केटपाशी भामाने मला बघितलं. भामाकडून मी वीस वर्षं बोंबील घेते. "काकी, काय झालं हो?" ती ओरडली. हॉर्नच्या आवाजात मी काय सांगणार? मी नुसता हात हलवला, म्हणजे काही नाही. भामाने अर्थ लावला, नावेद सुट्टीवर आला आणि गाडीवरून पडला, सगळं संपलं. नावेदची गाडी, वर चादर, शेजारी आई, पायाला पट्टी, आणि हात असा हललेला.

सर्व्हिस सेंटरमध्ये त्यांनी गाडीला कॉम्प्युटरची नळी जोडली. सीट उघडल्यावर सुपरवायझरने डोळा बघितला, "ओह, रिलीजियस आहे," म्हणाला आणि पोरांना बजावलं, त्याला टच करू नका. मग पडद्याकडे बघून घसा खाकरला. "मॅडम, सिस्टीमप्रमाणे गाडी पडलेली आहे."

"आणि तुमच्याप्रमाणे?"

"माझ्याप्रमाणे उभी आहे. पण माझ्याप्रमाणे काही करता येत नाही."

डबी वरून मागवावी लागेल, रविवारपर्यंत शक्य नाही. टेम्पो उभाच होता. पडलेली गाडी उभी करून परत आणली.

घरी येते तर जिन्यावर चपलांचा ढीग. अर्धा मोहल्ला माझ्या दारात, डोक्यावर पदर, ओढण्या, हातात तसबीहच्या माळा. माझी चुलत जाऊ सगळ्यांच्या पुढे, डोळे पुसत. "कुलसुम, सबर कर. कुठल्या हॉस्पिटलमध्ये आहे आपला नावेद?"

खरं तर तिथेच सांगायला हवं होतं. पण आधी किल्ली सापडेना, मग दार उघडलं, मग सगळ्या आत आल्या. हॉल भरला. किती दिवसांनी माझ्या सोफ्यावर चार बायका एकदम बसल्या होत्या! कुणी पंखा लावला, कुणी मला पाणी दिलं, कुणी माझाच पाय मांडीवर घेऊन दाबायला लागली. रमाने तिच्या घरचे कप आणले, कारण माझे पुरेनात. म्हणून गैरसमज दूर करायला मला जरा उशीर झाला. चहा उकळेपर्यंत. मग मी सांगितलं की नावेद मजेत आहे, गाडी सर्व्हिसिंगला नेली होती. सगळ्यांनी अल्लाचा शुकर केला, आणि मग एकेक जण जरा नाराजच होऊन उठली. चहा मात्र कुणी टाकला नाही.

तेवढ्यात फोन वाजला. बुधवारी! कुणीतरी मस्कतपर्यंत खबर पोचवली होती.

"अम्मी? अम्मी, तू बरी आहेस ना? कुणी म्हणतं तुला टेम्पोने उडवलं. पडलीस का तू? खरं सांग."

पहिल्यांदाच त्याने पहिला सवाल गाडीचा केला नव्हता. गाडीचं उत्तर माझ्या ओठांवर असतं. माझं कुठे ठेवलंय ते सापडेना.

"मी टेम्पोत होते, टेम्पोखाली नाही," मी म्हटलं. "गिऱ्हाइकासमोर गाडी चकाचक नको? म्हणून नेली होती."

"मग ठीक आहे," तो म्हणाला. श्वास सोडल्याचा आवाज इथपर्यंत आला. "चल अम्मी, ड्युटीवर आहे. जुम्म्याला बोलू." फोन ठेवला. कप विसळायला घेतले. एवढे कप विसळायची सवय राहिली नव्हती.

शनिवारी दुपारी मी एकटीच पार्किंगमध्ये गेले. शिवाने हात टेकले होते. रमा आणि विनायकराव नेऱ्याला कुणाच्या फार्महाऊसवर जेवायला. सोसायटी झोपलेली. चादर काढली, खुर्ची टाकली आणि गाडीसमोर बसून तिला चांगलं झापलं. "उद्या माझी इज्जत तू घालवणार. तुझ्यासाठी बॅटरी आणली, पेट्रोल आणलं, पाय मोडून घेतला, आणि तुझं एकच, मी पडलेय, मी पडलेय. अगं, पडलं तरी माणसाने म्हणायचं असतं, बसले! आणि तुझी काय नजर काढायची? नजर लागण्यासारखं तुझ्यात राहिलंय काय?"

सीट उचलली आणि डोळा उपटून काढला. चांगला घट्ट बसला होता. म्हटलं, जाऊदे, फ्रिजवर लावू. डाळीला तरी कामाला येईल. ओढणीच्या पदरात बांधला. आणि मग, हात सवयीचा गुलाम, किल्ली फिरवली.

घूंऽऽ.

किती महिन्यांनी! मी बटण दाबलं. गाडी एकदा खोकली आणि एकदम बोलायला लागली. भर्रऽऽर! मागून काळा धूर, पुढचा दिवा लखलखीत, सगळं पार्किंग थरथरायला लागलं. रमा घरात नाही हे विसरून मी ओरडले, "रमा! ए रमा! शिवा!" वर बघितलं. एकही गॅलरी उघडली नाही. मी पडले तेव्हा सगळ्या उघडल्या होत्या.

गाडी बंद केली. बसून विचार केला. डोळा जागेवर लावला, किल्ली फिरवली. घूं नाही. बटण दाबलं, खर्र खर्र, दिवा म्हणतो पडलेय. डोळा काढला, किल्ली बंद करून पुन्हा फिरवली. घूंऽऽ, भर्रर्र. लावला, मेली. काढला, जगली. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईलाही एवढं कळतं. त्या काळ्या डबीत काहीतरी लोहचुंबकाला भुलणारं होतं. गाडी धडधाकट उभी, आणि मी मायेने लावलेला डोळा तिला कानात सांगत होता, पडलीस गं, पडलीस. शिवाने बघितलं, सुपरवायझरने बघितलं, कॉम्प्युटर सोडून सगळ्यांनी बघितलं. पण माणसं इतकी सज्जन, कुणी हात लावला नाही.

रविवारी सत्यजीत आला. भला पोरगा, हेल्मेट बगलेत, बायकोलाही बरोबर घेऊन आलेला. शिवा आला होता, विनायकराव अपराधी चेहऱ्याने, रमा त्यांच्यावर नजर ठेवून. डोळा माझ्या मुठीत होता. शिवाला मी काही सांगितलं नव्हतं. म्हटलं, सगळ्यांसमोर सुरू करीन, तोंडं बघण्यासारखी होतील.

सत्यजीतने गाडीवरून हात फिरवला. "काकू, तुम्ही फारच जपलीय. नावेदभाई म्हणाले, पहिल्या झटक्यात सुरू होते?"

"होते की."

"मग मी आजच घेऊन जातो. म्हणजे तुमची जबाबदारी संपली."

तो चांगल्या मनाने म्हणाला. पण मला ते 'संपली' एवढंच ऐकू आलं. समोर पुढचा जुम्मा दिसला. नमाज झालीय, फोन वाजतोय, आणि नावेद म्हणतोय, "अम्मी, बाकी काय?" आणि मी म्हणतेय, "बाकी काही नाही." आणि तो म्हणतोय, "चल, ठेवतो."

मी मूठ घट्ट केली. इज्जत म्हणजे काय कमी गोष्ट नाही. आमच्या घराण्यात तिच्यासाठी लोकांनी जमिनी सोडल्यात. पण जमिनीला फोन नसतो.

"थांब बाबा," मी म्हटलं. "गाडी घरातून निघतेय. आधी नजर काढू दे."

सीट उचलली. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत निळा डोळा त्याच्या जागी लावला. चपकन बसला. शिवाने हात जोडले. सत्यजीतच्या बायकोनेही जोडले.

"आता कर सुरू."

खर्र खर्र खर्र. दिवा लांब पेटला, बारीक पेटला. सत्यजीतने पुन्हा दाबलं. पुन्हा. त्याच्या बायकोने त्याच्याकडे बघितलं, आणि तिची ती नजर मला ओळखीची वाटली. लग्न नवीन असलं तरी पोरीला समज होती.

"काकू, ही तर..."

"माझ्यामुळे झालं!" विनायकराव एकदम फुटले. "मी आडवी केली होती. त्यापूर्वी पहिल्या झटक्यात सुरू व्हायची, मी साक्ष देतो!" रमा कपाळाला हात लावून आत गेली. मी त्यांची साक्ष मान्य केली. शेजारधर्म म्हणून.

सत्यजीत हेल्मेट घेऊन कामोठ्याला परत गेला.

पुढच्या जुम्म्याला फोन वाजला. नावेदचा आवाज चढलेला. "अम्मी, सत्यजीत म्हणतो गाडी सुरूच झाली नाही! तू तर म्हणत होतीस..."

"होत होती. आता होत नाही. वस्तू आहे, बाबा, तिचाही जीव कधी लागतो, कधी नाही."

"बॅटरी बघितलीस? पेट्रोल कधीचं आहे? पंपाचा आवाज येतो का? थांब, तू खाली जा, फोन घेऊन जा. मी सांगतो तसं कर." मी जिना उतरले, एक एक पायरी, घोटा सांभाळत. तो तिकडून विचारत होता, मी इकडून सांगत होते. सीटखालची वायर, फ्यूज, अमुक तमुक. जुम्म्याचा एवढा लांब फोन तो गेल्यापासून झाला नव्हता. "अम्मी, तुला पायऱ्या उतरताना त्रास होतो का? दम लागलाय तुझ्या आवाजाला."

"नाही रे. जिना उंच आहे."

"बरं. पिवळा दिवा काय म्हणतो?"

"म्हणतो, मी पडलेय."

त्याने विचारलं, "आणि तू?"

"मी?" मी म्हटलं. "मी उभी आहे. हवं तर येऊन बघ."

"बघतो," तो म्हणाला. "पुढच्या जुम्म्याला आपण पुन्हा पहिल्यापासून बघू."

आता आमचं असं चालतं. पूर्वी गाडी सुरू होत नव्हती तेव्हा मी होते म्हणायचे, आता होते तर नाही म्हणते. खोटं तेवढंच आहे, वाढवलेलं नाही. फोन ठेवला की मी आजूबाजूला बघते, सीट उचलून डोळा काढते, किल्ली फिरवते. घूंऽऽ. मग बटण. खुर्ची टाकून तिच्याशेजारी बसते, इंजिन गरम होईपर्यंत. त्याने सांगितलंच आहे, थोडा वेळ चालू ठेवायची.

मग बंद करते आणि डोळा परत लावते. पुढच्या जुम्म्याला ती पडलेली असली पाहिजे.